शेरेबुकातला माझा शेरा

५ ऑगस्ट, सोमवार

ऑर्डर हातात आली. ‘मार्गदर्शक शिक्षक’. सोमवार ते बुधवार माझी शाळा, माझा वर्ग. गुरुवार ते शनिवार आसपासच्या बारा शाळा, तिथल्या शिक्षकांना मदत. पगार तोच, हुद्दा तोच, फक्त पायाला भिंगरी. साहेब (आमचे गटशिक्षणाधिकारी) म्हणाले, दिवाळीपर्यंत प्रयोग आहे. जमलं तर कायमचं पद होईल, मॅडम, आणि पहिलं नाव तुमचं.

एकोणीस वर्षं पहिली-दुसरी शिकवते आहे. आजवर बढती म्हणजे वर्ग सुटणं. मुख्याध्यापक व्हा आणि तांदळाचं रजिस्टर सांभाळा. केंद्रप्रमुख व्हा आणि शाळाशाळांतून माहिती गोळा करत फिरा. चांगलं शिकवतो असं कळलं की आधी त्याचं शिकवणं बंद करायचं, ही आमची रीत. दोनदा नाही म्हटलं तेव्हा ह्यांनी विचारलं होतं, “तुला पुढं जायचंच नाही का?” जायचं आहे. पण हातात खडू ठेवून जायचं आहे. ते पहिल्यांदाच मिळतंय. आनंद व्हायला पाहिजे. ऑर्डर तीनदा वाचली, कुठं काही अट तर नाही ना.

क्रांती चौकातून आम्ही चौघं शिक्षक रोज एका गाडीनं जातो. गाडी शेख सरांची. आज दौलताबादच्या घाटापर्यंत त्यांची एकच टकळी, “क्या मॅडम, अब तुम हमारे साब!” सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा.

८ ऑगस्ट, गुरुवार

पहिली भेट. मोठी शाळा, सात शिक्षक. आधी चहा, मग खारी, मग पुन्हा चहा. वर्गात जाईपर्यंत बारा वाजले. निघताना मुख्याध्यापकांनी शेरेबुक पुढं केलं. पाहुणा आला की त्यात चार ओळी लिहून सही करायची. मागची पानं चाळली. “शाळेस भेट दिली. परिपाठ पाहिला. समाधान वाटले.” पुढच्या पानावर पुन्हा समाधान. बारा पानं समाधानच समाधान! एकाही पानावर एकाही मुलाचं नाव नाही.

मीही लिहिलं, समाधान वाटले. परतताना स्वतःचा राग आला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

गुरुवार ते शनिवार माझा वर्ग मुख्याध्यापकांकडे असतो. ते शुद्धलेखन देतात आणि ऑनलाइन माहिती भरत बसतात. जून-जुलैत बोलायला लागलेली मुलं पुन्हा गप्प व्हायला लागलीत. दुसऱ्यांची घरं सारवायला निघाले आणि माझं तसंच पडलं, असं व्हायला नको.

२२ ऑगस्ट, गुरुवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवायचा.

डोंगराकडच्या वस्तीवरची दोनशिक्षकी शाळा. दुसरीचा वर्ग कोळपे सरांकडे. वय सव्वीस. शिक्षणसेवक आहेत, सप्टेंबरअखेर तीन वर्षं पुरी होतात. मग नियमित करायचं की नाही ते ठरणार. वडील आणि थोरला भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरतात. घरात सरकारी नोकरी पाहिलेला हा पहिलाच.

वर्गात सतरा मुलं. एकेकानं उभं राहून धडा वाचला. खणखणीत, कुठं अडखळणं नाही. मी खूश. मग मीरा नावाच्या मुलीच्या बोटाकडं लक्ष गेलं. बोट दुसऱ्या ओळीवर आणि तोंड चौथ्या ओळीवर. म्हटलं, बाळा, शेवटचा शब्द वाच, मग त्याच्या आधीचा, असं उलटं ये. मीरा गप्प. दुसरा मुलगा गप्प. सतरापैकी दोघं वाचू शकली. बाकीच्यांना अख्खं पुस्तक तोंडपाठ आहे आणि एक अक्षर ओळखता येत नाही.

मुलांसमोर काही बोलले नाही. सुट्टीत ओट्यावर बसलो. कोळपे सर खाली बघत म्हणाले, “मला ठाऊक हाय म्याडम. मी म्हणतो, ती माझ्या मागं म्हणतेत. लई सोपं पडतं. वाचायला कसं शिकवतेत ते मला कुणी दाखवलंच नाय. कुणाला इचारावं? इचारलं तर म्हणतील, ह्यो कसला मास्तर!”

दीड तास बोललो. अक्षरांच्या चिठ्ठ्या करून दाखवल्या. चित्रावर तळहात ठेवून वाचून घ्यायला शिकवलं. ते वहीत उतरवून घेत होते, मधेच थांबवून विचारत होते. एकोणीस वर्षांत मला कुणी इतकं मनापासून विचारलं नव्हतं. मला वाटलं, हेच. ह्याच कामासाठी मी थांबले होते.

निघताना चहा आला आणि चहाबरोबर शेरेबुक. रंगात आले होते. समाधानबिमाधान काही लिहिलं नाही. सरळ लिहिलं: “इ. २ री ची मुले पाठ म्हणतात, वाचत नाहीत. सतरापैकी दोघांनाच वाचता येते. शिक्षकांना वाचन शिकवण्याची पद्धत माहीत नाही. ती त्यांनी शिकून घेणे गरजेचे.” खाली सही.

को. सरांनी वाचलं. “लई बेस झालं म्याडम. आता ह्येच समोर ठिवून चालतो.” पायऱ्यांपर्यंत सोडायला आले.

२९ ऑगस्ट, गुरुवार

को. सर रोज फोनवर व्हिडिओ पाठवतात. आज एका मुलानं ‘कमळ’ स्वतः जोडून वाचलं. मी दोनदा पाहिला, मग ह्यांना दाखवला. हे म्हणाले, “कमळच वाचलंय ना, एवढं काय?” ह्यांना काय कळणार.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिन. तालुक्याच्या सभागृहात माझा सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो. इथपर्यंत ठीक.

मग साहेब बोलायला उभे राहिले आणि त्यांनी खिशातून एक झेरॉक्स काढली. “शेरा कसा असावा, तर असा!” आणि माझ्या त्या चार ओळी माईकवर वाचल्या. विस्तार अधिकारी मागच्या आठवड्यात त्या शाळेत गेले होते, शेरेबुकातल्या पानाचा फोटो काढून आणला होता. “शिक्षकाचं नाव घेत नाही,” असं म्हणून साहेबांनी शाळेचं नाव घेतलं. दोनशिक्षकी शाळा. दुसरीचा वर्ग कुणाकडे आहे हे सगळ्या सभागृहाला माहीत.

टाळ्या झाल्या. को. सर चौथ्या रांगेत बसले होते. सगळे वाजवत होते म्हणून त्यांनीही वाजवल्या.

मी व्यासपीठावर नारळ मांडीत घेऊन बसून राहिले. उठून काही बोलायला हवं होतं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

को. सरांना कारणे दाखवा नोटीस. कामात कसूर, अध्यापनाची पद्धत अवगत नाही, सबब आपणास नियमित का करण्यात येऊ नये. शब्द माझेच, फक्त सरकारी कपडे घातलेले.

त्यांचा फोन आला. रागावतील असं वाटलं होतं. “म्याडम, तुमचं खोटं नव्हतं. पर वहीत का लिव्हलं? तोंडानं सांगितलं व्हतं की मला.”

फोनवर ‘बघते काय करता येतं’ म्हटलं. खरं उत्तर इथं लिहिते. ती बारा पानं समाधान बघून माझं डोकं फिरलं होतं. मला दाखवायचं होतं की मी नुसती चहा पिऊन जाणारी नाही. त्या चार ओळी लिहिताना को. सर माझ्यासमोर बसलेले होते, पण मी त्यांच्यासाठी लिहितच नव्हते. पुढं जो कुणी वही उघडेल त्याच्यासाठी लिहीत होते. एकोणीस वर्षं नोकरी करून शेरेबुक कोण वाचतं हे मला कळू नये?

लाज वाटते.

११ सप्टेंबर, बुधवार

महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सवाष्णी. हात चालत होते, डोकं तिथं नव्हतं. पुरणात वेलदोडा घातलाच नाही. नणंद म्हणाली, “साहेबीण झाली ना आता, स्वयंपाक कशाला ध्यानात राहतो!” बायका हसल्या. मी उठून पाणी प्यायला गेले आणि मोरीपाशी उगाच उभी राहिले.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काल एक शाळा, आज एक. दोन्हीकडे पोहे. दोन्हीकडे भिंतीवर नवे कोरे तक्ते, डिंक अजून ओला. वर्गात हुशार मुलं पहिल्या बाकावर आणलेली, बसवून घेतलेला पाठ. पाठ संपल्यावर बाई हात जोडून उभ्या. “काही अडतं का?” विचारलं. “नाही मॅडम, सगळं छान चाललंय.” शेरेबुक मागितलं नव्हतं, तरी दोन्हीकडे आपणहून सांगितलं की कपाटाची चावी सापडत नाही.

दोन दिवसांत मला एकही प्रश्न विचारला गेला नाही. ऑगस्टमध्ये आजच्या शाळेतल्या ह्याच बाईंनी फाटकाबाहेर थांबवून हातच्याची वजाबाकी विचारली होती.

गाडीतही गप्पा बंद. घाटात शेख सर म्हणाले, “मॅडम, बुरा नको मानो. तुम दिल के अच्छे है. पन लिखेले को दिल नै रैता.” मग बऱ्याच वेळानं, “मेरेकू बी भागाकार का पूछना था तुमकू. अब नै पूछता.”

त्यांनी हे तोंडावर सांगितलं हे बरं केलं. पण लागलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन. नंतर साहेबांनी बाजूला बोलावून एक छापील कागद दिला. को. सरांच्या वर्गाला दुसरी भेट देऊन सोमवारी अहवाल द्यायचा. शेवटचा रकाना, “नियमित करण्यास शिफारस आहे / नाही.” योग्य तिथं खूण करा.

म्हटलं, सर, मी मदतीला नेमलेली आहे, तपासायला नाही.

“कळतंय मला,” साहेब म्हणाले. “मी काही वाईट माणूस नाही, मॅडम. पण वरून विचारतात, प्रयोगाचा उपयोग काय? मार्गदर्शकामुळं काय घडलं ते कागदावर दिसायला लागतं. ह्या अहवालासोबतच तुमच्या पदाचा प्रस्ताव पाठवतोय.”

म्हणजे को. सर गेले तर माझं पद येईल. असं ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

१९ सप्टेंबर, गुरुवार

को. सरांची शाळा. जीव मुठीत धरून गेले. वर्गात शिरताच मुलं उठून उभी राहिली, आणि सर मुलांच्याही आधी.

मीराला उभी केली. मी काही म्हणायच्या आतच तिनं शेवटाकडून सुरू केलं, “पिते दूध करडू. खाते पाला शेळी.” खणखणीत. दुसरा मुलगा, तिसरा, सगळी उलटी वाचताहेत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एका महिन्यात! मग काय वाटलं कोण जाणे, मीराच्या पुस्तकावर तळहात ठेवला. ती थांबलीच नाही. पान झाकलेलं आणि पोर पुढं चाललेली, “हिरवे रान डोंगरावर.”

धडा उलटा पाठ करून घेतला होता.

आधी हसू फुटलं. मग सरांचा चेहरा बघितला. फसवणूक नव्हती ती. शर्ट घामानं भिजला होता. म्हणाले, “रोज दोन तास घेतलं, म्याडम. तुम्ही येऊन उलटं वाचायला लावणार म्हून. चिठ्ठ्या ठिवल्या बाजूला. त्याला टाइम लागतो, आन माझ्याकडं टाइम कुठं हाय?”

मी फळ्यावर पुस्तकाबाहेरचे शब्द लिहिले. पाच मुलांनी वाचले. महिन्यापूर्वी दोन होती. ती तीन जास्तीची मुलं चिठ्ठ्यांची, नोटीस यायच्या आधीची.

सुट्टीत त्यांनी विचारलं, “म्याडम, आज तुम्ही मदतीला आलात का तपासायला?”

म्हटलं, मदतीला. छापील कागद पर्समध्ये होता.

२० सप्टेंबर, शुक्रवार

हे म्हणतात, “‘आहे’वर खूण कर आणि मोकळी हो. पोराचं आयुष्य आहे.” बरोबर आहे. पण मग बारा पोरं न वाचता तिसरीत जातील, आणि सर कायम झाले की पुन्हा कुणी त्यांना विचारणार नाही, तेही कुणाला विचारणार नाहीत. मीच शेरेबुकात नवं समाधान लिहिल्यासारखं होईल.

‘नाही’वर खूण केली तर खरं लिहिल्यासारखं दिसेल आणि ते अर्धंच खरं असेल. तीन वर्षं त्यांना कुणी दाखवलं नाही. पंधरा दिवस मी दाखवलं, आणि मीच घाबरवलं. शिकत होता तो माणूस. ह्यानंतर तालुक्यातला एकही शिक्षक मला आपला खरा वर्ग दाखवणार नाही. मग त्या पदावर बसून मी करू काय, पोहे खाऊ?

आणि तिसरी गोष्टही आहे, ती इथं तरी लिहावी. मला ते पद हवं आहे. अजूनही हवं आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार

सकाळची शाळा. सरळ को. सरांकडे गेले, कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला. गुरुवारी खोटं बोलले हे सांगितलं. मग मी जे लिहिणार आहे ते वाचून दाखवलं: सतरापैकी पाच मुले वाचतात. दोनाची पाच झाली ती शिक्षकांनी नवी पद्धत वापरली म्हणून. पुढे काम थांबले ते माझा खासगीत सांगायचा शेरा नोटीस बनला म्हणून, आणि मुलांनी धडा उलटा पाठ केला तो माझ्या चाचणीच्या भीतीने. ही चूक माझी. ह्या शिक्षकांना मार्चपर्यंत मदत मिळावी, मी ती करण्यास तयार आहे. शिफारशीच्या रकान्यात खूण करण्याचा अधिकार मार्गदर्शकाकडे नसावा.

सरांनी माझ्या हातातून कागद घेऊन पुन्हा वाचला. मग भडकले. पहिल्यांदाच. “म्हंजी बारा पोरं वाचत नाय ह्ये कागदावर ऱ्हायलंच की! तुम्हाला काय हो म्याडम, तुमची नोकरी एकोणीस वर्षाची. तुम्ही चूक कबूल केली तर मोठ्या मनाच्या. मी कबूल केली तर घरी.”

खरं आहे.

मुलं घरी गेली. सरांनी खिडक्या लावल्या, फळा पुसला. मग पाठमोरेच म्हणाले, “द्या. तसंच द्या. पर रिपोर्ट गेल्यावर बी येणार का?”

येते म्हटलं. कुठल्या ऑर्डरवर येणार, देव जाणे.

२३ सप्टेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर अहवाल दिला. रकाना कोरा, त्यात “जोडपत्र पाहावे.” कचेरीतले बाबू चष्मा वर करून म्हणाले, “म्याडम, रकाना एका खुणेचा हाय. त्याला दोन पानं कशाला जोडता?” साहेब दौऱ्यावर. पोच घेतली. जिन्यात अर्ध्यावर थांबले. एकदा वाटलं, परत जावं आणि कागद मागून घ्यावा.

२६ सप्टेंबर, गुरुवार

साहेबांकडून काही नाही. कचेरीत बोलवा आहे की मार्गदर्शकांच्या ऑर्डरी रद्द होणार. को. सरांच्या वर्गावर गेले. आज ते शिकवत होते आणि मी मागं अडलेल्या मुलांत बसले. त्यांनीच शोधून काढलं: पुस्तक मिटायचं आणि मुलांच्या घरच्या शेळ्यांची, कुत्र्यांची नावं फळ्यावर लिहायची. रोज वेगळी, पाठ करायला जागाच नाही. मीराला ‘चांदी’ वाचता आलं. ती ओरडलीच, “ही आमची हाय!”

माझ्या डोक्यातही हे कधी आलं नव्हतं. सरांना तसं सांगितलं. तोंडानं.

२८ सप्टेंबर, शनिवार

घाटाखाली सीताफळं घ्यायला गाडी थांबवली. शेख सर फळं दाबून बघता बघता म्हणाले, “मॅडम, वो भागाकार का...” मागून गाडीतल्या ज्योती मॅडम आल्या. ते पुन्हा फळं दाबायला लागले. मी थांबून राहिले, पण त्यांनी पुढं विचारलं नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

दुपारी को. सरांचा फोन. कचेरीतून निरोप आहे, उद्या अकरा वाजता साहेबांनी दोघांनाही बोलावलंय. उद्या त्यांची तीन वर्षं पुरी होतात. कशाला बोलावलं ते सांगितलं नाही. मला वेगळा निरोप नाही, त्यांच्याकडूनच कळलं.

म्हणाले, “बापाला सांगितलं नाय अजून. उद्या काय ते झाल्यावरच सांगतो.” मग म्हणाले, “म्याडम, आत गेल्यावर आधी कोण बोलायचं?”

म्हटलं, मी बोलते. मग म्हटलं, नको, मी बोलले तर पुन्हा माझंच म्हणणं तुमच्यावर लिहिलं जाईल. तुम्ही बोला. ते म्हणाले, “मी बोललो तर साहेब म्हणतील, म्याडमनं पढवून आणलाय.”

शेवटी दहाला कचेरीसमोरच्या हॉटेलात भेटायचं ठरलं. आधी कोण बोलणार ते राहूनच गेलं.